आईची सही, यतिमाची जमीन: इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी, १९१८

सातबाऱ्यावर अठरा वर्षांखालच्या वारसाचं नाव लागतं तेव्हा सोबत एक शेरा येतो: अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आई. तलाठी हा शेरा मारताना मयताचा धर्म बघत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी बघतो, फेरफार घालतो, मोकळा होतो.

काही वर्षांपूर्वी कोकणातली एक बाई असाच सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आली. नवरा आखातात कामाला होता, तिथेच वारला. मागे तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि कलमांचा एक तुकडा. गिऱ्हाईक चालून आलं होतं, भावही पडता नव्हता. तिने शेऱ्यावर बोट ठेवलं. "वकीलसाहेब, पालक म्हणून माझंच नाव आहे की सरकारी कागदावर. मग सही माझी चालायला पाहिजे ना?"

मी तिला उलट दोन प्रश्न विचारले. सासरे हयात आहेत का? आणि नवऱ्याने मुलांविषयी काही लिहून किंवा कुणाला सांगून ठेवलंय का? दोन्हींची उत्तरं नाही अशी आली. सासूबाईही आधीच गेलेल्या. मग मी तिला सांगितलं की तुमची सही तुमच्या हिश्श्यापुरती चालेल, आणि तुमचा हिस्सा चोवीसातला तीन आहे. मुलाचे चौदा, मुलीचे सात. त्या एकवीस भागांवर तुमच्या सहीला खरेदीखतात काही किंमत नाही.

तिचा चेहरा उतरला. आईला असं सांगणं मलाही जड जातं, आणि हा नियम नेमका कुठून आला हे नीट सांगायचं तर १९०६ सालात जावं लागतं.

त्या साली इस्माईल अली खान नावाचे एक जमीनदार गृहस्थ वारले. मालमत्ता बरीच होती. मागे तीन विधवा आणि त्यांची मुलं. त्यांतल्या एकीचं नाव इनायत-उझ-झोहरा. तिची दोन मुलं अज्ञान होती. झोहराने स्वतःचा आणि त्या दोन मुलांचा, असे सगळे हिस्से एकाच खरेदीखताने दहा हजार रुपयांना विकून टाकले. स्वतःसाठी विधवा म्हणून सही केली, मुलांसाठी पालक म्हणून.

इथे जरा थांबून हिशेब करायला हवा, कारण सगळं प्रकरण त्या हिशेबात आहे. मयताला मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश मिळतो. विधवा तीन असल्या तरी अष्टमांश तेवढाच राहतो, तो तिघींत वाटायचा. म्हणजे झोहराच्या वाट्याला चोवीसातला एक भाग. उरलेल्याचा मोठा लोट मुलांकडे जातो, मुलग्याला मुलीच्या दुप्पट या प्रमाणात. तेव्हा खरेदीदारांनी दहा हजार रुपये मोजले ते काही त्या चोवीसाव्या भागासाठी नव्हे. आईचा हिस्सा पातळ होता. दाट होते ते मुलांचे हिस्से.

खरेदीदार कागद घेऊन नावं लावायला गेले आणि कुटुंबातल्या बाकीच्यांनी हरकत घेतली. हरकत अशी की झोहरा मुळात लग्नाची बायकोच नाही, तेव्हा तिची मुलं वारसही नाहीत. नोंद अडली, खरेदीदारांनी (मुत्सद्दी हे त्यांच्यातलंच एक नाव) दावा लावला, खालच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने हुकूम झाला, आणि इमामबंदी व इतर प्रतिवादी अपिलात लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे हिंदुस्थानसाठी तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे गेले. तिथे मुद्दे दोन उरले. झोहराचं लग्न आणि मुलांचं औरसपण, हा एक. आणि ते धरून चाललं तरी आईला अज्ञान मुलांची जमीन विकता येते का, हा दुसरा.

यातला विरोधाभास मला दर वेळी खटकतो. 'यतिमाची जमीन आईला विकता येत नाही' हा मुद्दा ज्यांनी लंडनपर्यंत लावून धरला, त्यांचा पहिला मुद्दा 'ही मुलं यतीमच नाहीत, आमच्या घरची नाहीतच' असा होता. अनाथांच्या रक्षणाचा कायदा इथे अनाथांना घराबाहेर काढू पाहणाऱ्यांच्या तोंडून बोलत होता. झोहराने विकलं ते का, याबद्दल माझा अंदाज एवढाच, की दोन सवतींच्या कुटुंबांशी कोर्टात झुंजण्याइतकं बळ लहान मुलं पदरी असलेल्या बाईत नसावं. जमीन आणि जमिनीसोबत येणारं भांडण, दोन्ही एकदम विकत घेणारी माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. ती स्वस्तात घेतात.

निकाल १९१८ मध्ये लागला. तो लिहिला सय्यद अमीर अली यांनी. १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर बसलेले ते पहिले हिंदी सदस्य. मुस्लीम कायद्याचे जाणकार, स्वतः शिया, आणि सुन्नींच्या हनफ़ी पंथाच्या ग्रंथांवर हुकमत असलेले. त्यांनी झोहराचं लग्न मान्य केलं, मुलं औरस ठरवली. मग दुसऱ्या मुद्द्यावर तिची सही फक्त तिच्या हिश्श्यापुरती ठेवली. मुलांचे हिस्से त्या कागदाने गेलेच नाहीत, असं ठरलं. खरेदीदारांच्या हातात राहिला तो चोवीसावा भाग.

निकालाचा गाभा थोडक्यात असा: आईला मुलाच्या संगोपनाचा हक्क आहे, तोही ठरावीक वयापर्यंत. मालमत्तेची ती पालक नाही. बाप हाच पालक, तो नसेल तर सुन्नी कायद्यानुसार त्याने नेमलेला माणूस. आणि मुलाच्या मालमत्तेबाबत आईला, तात्पुरता मुलाचा सांभाळ करणाऱ्या एखाद्या परक्या माणसापेक्षा जास्त अधिकार नाही.

'परक्या माणसापेक्षा जास्त नाही.' हे वाक्य पुढे शंभर वर्षं निकालपत्रांतून उतरत राहिलं आहे. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण ते ज्या घरातलं आहे ते घर नीट पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

इस्लामी कायद्यात यतीम म्हणजे ज्याचा बाप वारला आणि जो वयात आलेला नाही असं मूल. आई जिवंत असली तरी मूल यतीम. मराठीत आपण आई गेली तरी पोरकं म्हणतो, बाप गेला तरी पोरकं म्हणतो, आणि दोघंही गेले की अनाथ. अरबी शब्दाची व्याख्या बापाच्या बाजूने ओढलेली आहे, कारण सातव्या शतकातल्या अरबस्तानात बाप गेला की मुलाची ढाल गेली. उंट, खजुरीची झाडं, रोकड, सगळं चुलत्यांच्या हाती. प्रेषित मुहम्मद स्वतः जन्माआधीच पितृहीन झालेले. आई सहाव्या वर्षी गेली, आजोबा आठव्या वर्षी, पुढे चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. कुराणाच्या ९३व्या अध्यायात त्यांनाच उद्देशून आठवण येते: तू यतीम होतास, आसरा मिळाला ना? मग यतिमावर जोर करू नकोस.

हा विषय कायद्याच्या भाषेत येतो तो चौथ्या अध्यायात, आणि त्यामागे इ.स. ६२५ ची उहुदची लढाई आहे. त्या एका दिवसात मदीनेच्या बाजूची सुमारे सत्तर माणसं पडली. लहानशा वस्तीत एकाच दिवशी इतकी घरं उघडी पडली. त्यांतला एक सअद बिन रबीअ. त्याची बायको दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. म्हणाली, या सअदच्या मुली, बाप तुमच्यासोबत लढताना गेला, आणि यांच्या चुलत्याने सगळं उचललं. मुलींची लग्नं तरी कशी व्हायची? मग कुराणात वारशाच्या आयती, म्हणजे वचनं, आली आणि चुलत्याला बोलावून सांगितलं गेलं: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश, उरेल ते तुझं. चोवीसांत मांडलं तर सोळा, तीन आणि पाच. सगळं घेऊन बसलेल्या चुलत्याकडे पाच राहिले.

या घटनेत तक्रार करणारी आई आहे. तिच्या शब्दावर निवाडा फिरला. तिला परकी कुणी म्हटलं नाही.

चौथ्या अध्यायातल्या आज्ञा पालकाला उद्देशून आहेत, आणि त्या चांगल्याच नेमक्या आहेत. यतिमांचा माल त्यांना द्या, त्यांच्या चांगल्या वस्तूच्या जागी तुमची हलकी ठेवू नका. आता ही अदलाबदल कळप पाळणाऱ्यालाच सुचणारी: धष्टपुष्ट मेंढी काढायची, मरतुकडी ठेवायची, संख्या तेवढीच. त्यांचा माल आपल्या मालात मिसळून खाऊ नका. मुलं मोठी होतील या धास्तीने घाईघाईने उडवू नका. सधन पालकाने काही घेऊ नये, गरीब पालकाने रीतीपुरतं घ्यावं. मुलं लग्नाच्या वयाला आली की त्यांची पारख करा, समज दिसली की माल त्यांच्या हवाली करा आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा. जे अन्यायाने यतिमाचं खातात ते पोटात आग भरतात.

सुरुवातीला या धाकाने लोक इतके हबकले, की यतिमांचं जेवण वेगळं शिजवू लागले. उरलेलं खराब व्हायचं, पण हात लावायची हिंमत नव्हती. मग दुसऱ्या अध्यायातली २२०वी आयत आली, की त्यांचं भलं करणं महत्त्वाचं, एकत्र राहिलात तर ते तुमचे भाऊच आहेत. एका चुलीवर जेवायला हरकत नाही. कोणाच्या मनात बिघाड आहे आणि कोणाच्या मनात सुधार, हे देव जाणतो. मला या टप्प्याचं विशेष वाटतं. कडक नियम आला, माणसं त्याच्या टोकाला गेली, आणि मग नियमाला व्यवहारात आणलं गेलं.

पुढच्या दोन-तीन शतकांत फ़िक़्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या पंडितांनी यातून यंत्रणा बांधली. संगोपन वेगळं, मालमत्ता वेगळी. संगोपनाला हिज़ानत म्हणतात, ती आईची. हनफ़ी मतात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. आई नसेल तर आईची आई, अशी ती रांग बायकांच्या बाजूने चालते. मालमत्तेची विलायत, म्हणजे पालकत्व, मात्र बापाचं. हनफ़ी क्रम असा: बाप, बापाने नेमलेला वसी (आपल्या मागे कारभार बघायला ठेवलेला माणूस), मग बापाचा बाप, मग त्याने नेमलेला वसी, आणि शेवटी काझी. शाफ़ई हा सुन्नींचाच दुसरा पंथ, त्याच्या मतात आजोबा वसीच्या आधी येतो. कोकणी मुसलमान शाफ़ई आहेत, म्हणून त्या बाईला मी पहिला प्रश्न सासऱ्यांचा विचारला होता. चुलता, थोरला भाऊ, मामा यांपैकी कुणीच या रांगेत नाही. ही गोष्ट लोकांना सांगितली की पटत नाही. चुलता म्हणजे वलीच, म्हणजे कायद्याने पालकच, असं घरोघर धरून चालतात. लग्नाच्या बाबतीत त्याचं स्थान वेगळं आहे, पण जमिनीच्या बाबतीत चुलत्याला आईपेक्षा तसूभरही जास्त अधिकार नाही. 'परका' म्हणायचं तर तोही परकाच. निकालातलं ते वाक्य आईला टोचतं, पण त्याची खरी धार चुलत्यावर आहे.

आणि ज्याला अधिकार आहे त्यालाही मोकळं रान नाही. वसीला यतिमाची स्थावर मालमत्ता सहसा विकता येतच नाही. हनफ़ी ग्रंथांनी अपवाद मोजून दिले आहेत: दुप्पट किंमत येत असेल, मुलाच्या पोटापाण्याला दुसरं काहीच नसेल, मयताचं कर्ज फेडायचं असेल, खर्च उत्पन्नाला खाऊन टाकत असेल, वास्तू ढासळत असेल, कुणी बळकावण्याची भीती असेल. दुप्पट किमतीची अट वाचून आजचा कुणी इस्टेट एजंट हसेल. पण तिचा हेतू उघड आहे. पालकाने 'चांगला भाव आला म्हणून विकलं' असं म्हणू नये. भाव इतका चांगला असला पाहिजे की त्यावर वाद घालायची सोयच उरू नये.

मग अधिकार नसताना कुणी विकलंच तर? त्यासाठी हनफ़ी ग्रंथांत एक पात्र आहे: फ़ज़ूली. दुसऱ्याच्या मालाचा त्याच्या सांगण्याशिवाय व्यवहार करणारा. आपल्या मराठीतला 'फाजील' याच धातूतून आला. फाजील शहाणपणातला फाजील. फ़ज़ूलीचा सौदा लगेच मोडत नाही, तो लटकत राहतो, खऱ्या मालकाने मान्य केला तर उभा राहतो. खरेदीदारांना हा दोर धरण्यासारखा होता: मुलं मोठी होऊन मान्य करतील तोवर सौदा लटकू द्या. पण हनफ़ी मताची अट अशी, की सौद्याच्या क्षणी तो मान्य करू शकणारं कुणीतरी अस्तित्वात हवं. अज्ञान मूल मान्यता देऊ शकत नाही. त्याच्यासाठी मान्यता देणारा वलीही नसेल, तर सौदा लटकायला खुंटीच नाही. तो जमिनीवरच पडतो. अमीर अलींनी हा सगळा भाग बारकाईने घेतला आहे. मुलाच्या अन्नवस्त्रासाठी, दुखण्याखुपण्यासाठी जंगम वस्तू विकायची मोकळीक सांभाळणाऱ्याला आहे. जमिनीला हात लावायचा नाही.

कायदा म्हणून हे चोख आहे. आणि तरी मला वाटतं, निकालात एक खुर्ची रिकामी राहिली आहे.

रांगेच्या शेवटी उभा असलेला काझी आठवा. ज्याला कुणी वली नाही त्याचा वली काझी, या एका खांबावर यतिमाची सगळी व्यवस्था तोललेली होती. आईला विक्रीचा अधिकार नसला तरी ती काझीच्या चावडीवर जाऊ शकत होती, सअदची बायको गेली तशी. काझी तिलाच वसी नेमू शकत होता, नाहीतर दुसऱ्या कुणाला. ममलूक सुलतानांच्या काळातल्या कैरोत यतिमांच्या पैशांसाठी काझीच्या देखरेखीखाली वेगळा कोष असे. सुलतानांची नजर अधूनमधून त्यावर पडायची, तो भाग वेगळा. तुर्कांच्या उस्मानी सरकारने १८५१ मध्ये यतिमांच्या मालमत्तेसाठी स्वतंत्र खातंच काढलं. आई आणि जमीन यांच्यामध्ये भिंत होती, पण भिंतीला दार होतं आणि दारात माणूस बसलेला होता.

हिंदुस्थानात हा माणूस उठवला गेला. १८६४ च्या अकराव्या कायद्याने सरकारी काझी आणि मुफ्ती यांची पदं गेली. १८८० च्या कायद्याने काझी परत आले ते निकाह लावण्यापुरते, न्यायाच्या अधिकाराविना. यतिमांचं काम दिवाणी न्यायालयांकडे गेलं. मुंबई इलाख्यात १८६४ चाच विसावा कायदा अज्ञानांसाठी होता, आणि मग सगळ्यांसाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आला. काझीच्या जागी जिल्हा न्यायाधीश बसला. कागदावर दार शाबूत राहिलं. फक्त ते गावातून उठून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं, तिथली भाषा बदलली, आणि आत जायला वकील लागू लागला.

झोहरासारख्या बायका त्या दारापर्यंत जात नव्हत्या. त्या थेट खरेदीखतावर अंगठा देत होत्या. तेव्हा न्यायालयांनी त्यांच्यासाठी एक शब्द तयार केला, 'वस्तुतः पालक': कायद्याने नाही पण प्रत्यक्षात सांभाळणारा. हिंदू कायद्यात १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेच अज्ञान मुलाच्या वतीने आईने केलेल्या गहाणाचा विचार करताना गरज असेल तर सांभाळणाऱ्याने केलेला व्यवहार टिकतो असं म्हटलं होतं. तोच न्याय मुसलमान आईला का नको, असा प्रश्न पन्नास-साठ वर्षं घोळत राहिला. १९१२ च्या मातादीन प्रकरणात, जिथे थोरल्या भावाने धाकट्याचा हिस्सा विकला होता, तो अर्धवटच राहिला. १९१८ मध्ये अमीर अलींनी 'वस्तुतः पालक' ही कल्पना मुस्लीम कायद्यात स्थावर मालमत्तेपुरती निकालात काढली. गंमत म्हणजे हिंदूंसाठीही १९५६ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने ती नंतर निकालातच निघाली. म्हणजे अडतीस वर्षांनी संसदही त्याच ठिकाणी आली.

एक पुरावा मात्र त्या 'परक्या माणसा'च्या वाक्यासमोर ठेवावासा वाटतो. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या जुन्या हदीससंग्रहामध्ये, जकातीच्या (इस्लाममधल्या सक्तीच्या दानाच्या) प्रकरणात, क़ासिम बिन मुहम्मद सांगतात की ते आणि त्यांचा भाऊ यतीम असताना प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्या घरी वाढले आणि आयेशा त्यांच्या मालातून जकात काढत. तिथेच हेही येतं, की आपल्या घरातल्या यतिमांचा पैसा त्या व्यापारात लावायला देत. आयेशा या मुलांच्या आई नव्हत्या, आत्या होत्या. जमीन विकणं आणि पैसा फिरवणं यांत फरक आहे, हे कबूल. पण बाईच्या हातात यतिमाचा माल हे दृश्य त्या परंपरेला अनोळखी नव्हतं. शाफ़ई मतातही अल-इस्तख़री यांच्यासारखा एक आवाज बाप आणि आजोबांनंतर आईला पालक मानणारा आहे. बहुमत त्यांच्यासोबत नाही.

आणि बहुमतातही एक वाट उघडीच आहे. बाप आपल्या बायकोला वसी नेमू शकतो. खलीफ़ा उमर यांनी आपल्या वक़्फ़ची देखरेख मुलगी हफ़सा यांच्याकडे सोपवली होती. बाई वसी होऊ शकते, याबद्दल सुन्नी मतांत वाद नाही. हा माझा दुसरा प्रश्न होता त्या बाईला. मुसलमानाच्या वसीयतीला कागदाचंही बंधन नाही, तोंडी चालते. पण तोंडी वसीयत कोर्टात सिद्ध करताना साक्षीदार शोधत फिरावं लागतं, म्हणून मी सगळ्यांना लिहायला सांगतो. चार ओळी पुरतात: माझ्या मागे माझ्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेची वसी त्यांची आई. एवढा कागद असता तर तिला 'परकी' कुणी म्हणू शकलं नसतं. ती थेट क्रमात दुसऱ्या जागी आली असती, शाफ़ई मतात आजोबांच्या मागे. आखातात जाणारा माणूस पासपोर्ट, व्हिसा, विमा, सगळं करतो. हे करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण सातबाऱ्यावरच्या शेऱ्याने काम भागतं असं सगळे धरून असतात.

स्वतंत्र भारतात नियम तसाच राहिला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महंमद अमीन विरुद्ध वकील अहमद या प्रकरणात भावाने अज्ञान भावाच्या वतीने केलेली कौटुंबिक तडजोड याच कारणाने टाकून दिली. तडजोड मुलाच्या फायद्याची होती की नाही, हा प्रश्नच उठत नाही असं म्हटलं. १९९६ मध्ये पुन्हा आईने केलेल्या विक्रीबाबत तेच. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे समतेचा मुद्दा मांडला गेला, आणि न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी आपले हात बांधलेले आहेत असं म्हणून तोच नियम लावला. मुस्लीम बायकांनी हा भेदभाव आहे म्हणावं यात मला नवल वाटत नाही. बापाला जे आपोआप मिळतं ते आईला मागून घ्यावं लागतं. पण नियम बदलायचा तर आईला विक्रीची मोकळीक देऊन प्रश्न सुटेल असंही मला वाटत नाही. विधवेच्या सहीमागे बरेचदा दिराचा हात असतो. सह्या घेणारे ओट्यावर बसलेले असतात, ती आतून पेन घेऊन येते. आईची सही चालली असती तर किती सातबारे मोकळे झाले असते, याचा विचार मी करतो. आईला पालक म्हणून पहिली जागा द्या आणि विक्रीला न्यायालयाची परवानगी ठेवा, इतकं मी मागेन.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही जिल्हा न्यायालयात १८९० च्या कायद्याखाली अर्ज केला. कलम १७ न्यायाधीशाला मुलाचं हित बघायला सांगतं, मूल ज्या कायद्याखाली येतं त्याच्याशी सुसंगत राहून. वली नसेल तेव्हा काझीने नेमायचं असतं आणि न्यायाधीश आता काझीच्या जागी आहे, तेव्हा आईला नेमण्यात विसंगत काही नाही, असं मी मांडलं. वर्तमानपत्रात नोटीस निघाली. दिराने आधी हरकत घेऊ म्हटलं, मग घेतली नाही. तारखा पडत गेल्या. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या गावातला तुकडा घेऊन मोकळं झालं. बाई माझ्यावर रागावली, आणि त्या दिवशी तिचं चुकलं असं मला वाटलं नाही.

नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा विक्रीसाठी कलम ३१ खाली वेगळी परवानगी मागायची की नाही, हे ठरवायचं होतं. त्यासाठी गरज किंवा मुलांचा उघड फायदा दाखवावा लागतो. हनफ़ी ग्रंथांतली ती अपवादांची यादी आणि हे कलम एकमेकांपासून फार लांब नाहीत. मी तिला कलम २९ वाचून दाखवलं. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परवानगीशिवाय करता येतो, मात्र तो मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पलीकडे जाता कामा नये. मुलगा तेव्हा चौदाचा झाला होता, हिशेब अगदी बसत होता. तिने चार दिवस घेतले. मग बाग पाच वर्षांच्या मक्त्याने दिली, मुलांची शाळेची फी त्यातून निघू लागली, आणि विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पैसे मुलांच्या नावावर बँकेत, पासबुकाची झेरॉक्स दर वर्षी फाईलला.

मुलगा अठराचा झाल्यावर ती त्याला घेऊन आली. आता सातबाऱ्यावरचा शेरा कमी करायचा होता. ई-हक्क पोर्टलवर त्यासाठी वेगळा अर्जच आहे, 'अपाक शेरा कमी करणे' या नावाचा. शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. अर्जावर मुलाने सही केली, मग तलाठ्याने हितसंबंधितांना नोटीस काढली: आई, बहीण, सगळ्यांना. बहिणीचा शेरा अजून चार वर्षं राहणार होता, तो तसाच ठेवला. बाईने हिशेबाची वही सोबत आणली होती, पाच वर्षांची, पेटीगणिक. ती तिने माझ्या टेबलावर ठेवली नाही. मुलाच्या हातात दिली आणि त्याचे दोन मामा शेजारी उभे होते त्यांना म्हणाली, "तुम्ही बघताय ना?"